वर महादेव कोळी, खाली सोनकोळी आणि मधे आपण

माझ्या आत्याला शहापूर तालुक्यात दिली तेव्हा माझा जन्म पण नव्हता, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी म्हणजे आत्याचं गाव हे लहानपणापासून ठरलेलंच. घरामागच्या टेकाडावर चढलं की धरणाचा फुगवटा दिसतो, निळाशार, लांबच लांब, मधेमधे बुडालेल्या झाडांचे सुके शेंडे वर आलेले. आम्हाला वाटायचं केवढं पाणी आहे यांच्याकडे. आणि त्याच टेकाडाच्या अलीकडच्या अंगाला गावाची विहीर, मे महिन्यात तिच्या तळाला जेमतेम गुडघाभर पाणी. गेल्या वर्षी गेले होते तेव्हा भर दुपारी टँकर आला. टँकरचा पाईप सरळ विहिरीत सोडतात, धार पडली की तळाचा गाळ ढवळतो आणि सगळं पाणी चहाच्या रंगाचं होतं, पण बायका गाळ बसायची वाट बघत नाहीत, कारण वाट बघितली तर तेवढ्यात दुसरीचे दोन हंडे भरून होतात. पंधरा-वीस दोर एकदम आत, हंड्यावर हंडा आपटतोय, कोणाचं तरी पोर कडेवर रडतंय. विहिरीच्या काठच्या दगडाला दोर घासून घासून खाचा पडल्यात, मी बोट घालून बघितलं, अर्धं बोट आत गेलं. किती वर्षं दोर घासला असेल तेव्हा दगड एवढा झिजला.

घरी आणून आत्याने तो हंडा साडीच्या चौघडी फडक्यातून गाळला, तुरटी फिरवली आणि झाकून ठेवला. मग म्हणाली, "तुमच्याकडं सकाळी येतं ना गं पाणी? ते इथूनच जातं." टोमणा नव्हता तो. तिला खरंच त्याचं कौतुक होतं, की आमच्याकडचं पाणी आमच्या भाचरांच्या घरी जातं. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

मी राहते भांडुपला. मुंबईचं बरंचसं पाणी जिथे शुद्ध होतं तो प्रकल्प आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. आमच्या सोसायटीत सकाळी पाणी येतं, पंप लावतात, गच्चीवरची टाकी भरते आणि वाहायला लागते, वॉचमन कुठेतरी अडकलेला असतो, मग ते शुद्ध केलेलं प्यायचं पाणी पाईपातून खाली पार्किंगमध्ये, गाड्यांखालून, गटारात. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. आणि जूनमध्ये पाऊस लांबला, १० टक्के कपात लागली की सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता संताप, टॅक्स कशाला भरतो, अजून धरणं का बांधत नाहीत वगैरे. तो संताप मला कळतो, मी पण एके काळी असे मेसेज टाकलेत. पण या सगळ्यात एकदाही कोणी विचारत नाही की पाणी येतं तिथे आत्ता काय चाललंय आणि आपण वापरून सोडून दिलं की ते कोणाच्या दारात जातं.

मला एकच गोष्ट म्हणायची आहे. पाणी जिथून येतं तिथली माणसं, तिथलं जंगल, आणि पाणी वापरून झाल्यावर जिथे जाऊन पडतं तिथली माणसं, तिथली खाडी, ही सगळी मुंबईच्या पाणीपुरवठ्याचाच भाग आहेत, जेवढी धरणाची भिंत आहे तेवढीच. भिंतीला आपण डागडुजीचे पैसे देतो, पाईपलाईनला देतो, पंपाच्या विजेला देतो. या दोन टोकांना काहीच देत नाही आणि काही विचारतही नाही. तर आपल्या पाणीबिलात त्यांचा ठरलेला वाटा पाहिजे, पगारातून पीएफ कापतात तसा, न मागता, दर महिन्याला, आणि पाण्याचे निर्णय जिथे होतात तिथे त्यांची खुर्ची पाहिजे.

आता जरा हिशोब बघू. मुंबईला रोज साधारण ३९० कोटी लिटर पाणी मिळतं. सात तलाव, त्यातले विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईच्या हद्दीत, नॅशनल पार्कात, आणि त्या दोघांचं मिळून पाणी जेमतेम तीन टक्के भरेल. बाकी सगळं बाहेरून. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा, शंभर किलोमीटर आणि त्याहूनही लांबून. जवळजवळ अर्धं पाणी एकट्या भातशाचं. आपण विहारपासून सुरुवात केली, १८६० साली, मग तुळशी १८७९, तानसा १८९२, स्वातंत्र्यानंतर मोडकसागर, मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि अलीकडे २०१४ साली मध्य वैतरणा. म्हणजे दीडशे वर्षं आपली पद्धत एकच, इथलं पुरत नाही, थोडं अजून लांब जा, अजून एक दरी अडवा, अजून एक पाईप टाका. दर वेळी कुठली तरी गावं पाण्याखाली गेली, कोणाची तरी भाताची खाचरं गेली, आणि जी गावं काठावर राहिली त्यांच्या वाट्याला टँकर आला.

लोक विचारतात, शहापूर-मोखाड्याला पाऊस एवढा पडतो, अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, मग टँकर लागतोच कसा? लागतो, कारण सगळा भाग काळ्या कातळाचा आहे. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट पाणी फार धरून ठेवत नाही, वरची माती पातळ, उतार तीव्र. चार महिने धो धो पडतं आणि धावत धरणात जातं. मधे जर काही पाणी थोपवत असेल तर ते जंगल. साग, ऐन, मोह, कळकाची बेटं, खाली पालापाचोळ्याचा थर. तो थर पावसाचा मार खातो, पाणी सावकाश आत सोडतो, माती जागेवर धरतो. जंगल विरळ झालं की दोन गोष्टी एकदम होतात, वरच्या गावाची विहीर फेब्रुवारीतच खाली जाते आणि खालच्या धरणात गाळ येऊन साठायला लागतो. म्हणजे आत्याची विहीर आणि माझी टाकी या दोघींचं दुखणं एकच आहे, फक्त तिला ते आधी कळतं आणि मला वीस-तीस वर्षांनी कळेल.

आणि ते जंगल टिकलंय कोणामुळे? तानसा अभयारण्याचा बोर्ड आहे, वनखात्याची माणसं आहेत, मान्य. पण त्याच्या आतबाहेर राहणारे वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, यांना मोहाचं झाड कधी फुलणार, कुठल्या ओढ्याला मार्चपर्यंत पाणी टिकतं, वणवा कुठून शिरतो हे सगळं पाठ असतं. वणवा लागला की झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन विझवायला आधी तेच धावतात. आत्याच्या गावात मी डोळ्यांनी बघितलंय, रात्री अकरा वाजता पोरं चपला न घालता पळाली. याच माणसांना दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायला लागतं, भिवंडी, कल्याणच्या बाजूला, कातकऱ्यांची तर घरंच्या घरं रिकामी होतात, पोरांची शाळा सुटते. का जावं लागतं, तर पावसाळ्याचं एक भाताचं पीक निघाल्यावर पुढचं पीक घ्यायला पाणी नाही. पाणी समोर दिसतंय, ते राखीव आहे. आणि त्या भट्टीवरच्या विटा कुठे येतात? आपल्याकडेच. पाणी आपण नेलं, त्यामुळे माणूस निघाला, तो माणूस आपल्या भिंती बनवायला राबतोय, आणि त्या भिंतींमागे राहणाऱ्यांना अजून पाणी पाहिजे. हे चक्र एकदा डोळ्यासमोर आलं ना, की मग नवीन टॉवरची जाहिरात बघताना मला नुसता टॉवर दिसत नाही.

आता खालच्या टोकाला येऊ.

कॉलेजातली माझी एक मैत्रीण माहीमच्या कोळीवाड्यातली. तिचे बाबा अजून छोटी होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी जातात. एकदा हट्ट करून मी आणि ती सोबत गेलो, पहाटे, ओहोटी लागायच्या आधी. काकांनी जाळं ओढायला घेतलं आणि आधी आल्या दुधाच्या पिशव्या. मग गुटख्याच्या पुड्या, एक रबरी चप्पल, निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी, तिच्यात झेंडू अजून केशरी होता. या सगळ्यात चार-पाच बोय आणि ओंजळभर कोळंबी. मग काका बसले जाळ्यातून प्लास्टिक सोडवत, एकेक तुकडा, जाळं फाटू नये म्हणून हळूहळू, आणि यात तासभर गेला. मासेमारीचा वेळ कमी आणि कचरा वेचायचा जास्त. ते म्हणाले, लहान होतो तेव्हा तिवरांच्या बुडाशी चिखलात हाताने निवट्या पकडायचो, चिंबोऱ्या काढायचो, आईने सांगितलं दोन माणसं जास्त आहेत जेवायला की जाऊन घेऊन यायचो, आता त्या चिखलात पाय घातला तर पायाला खाज सुटते. एवढं बोलून परत जाळ्यात बघायला लागले.

ते जे पाणी होतं ते मिठीचं. मिठी निघते विहार आणि पवईच्या ओसंडून वाहणाऱ्या पाण्यातून, म्हणजे आपल्या पहिल्या तलावापासून, आणि साधारण १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत आपण तिच्यात काय काय घातलं हे मुंबईकराला सांगायला नको. विमानतळाची धावपट्टी तिच्या अंगावरून गेली, वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं ते तिच्या मुखाजवळच्या खाजणावर भराव घालून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, एवढा पाऊस कुठल्याही शहराला जड गेला असता हे खरं, पण पाण्याला पसरायला जी खाजणं आणि तिवरं होती तीच आपण बुजवलेली, आणि वर भरती. त्या रात्री आमचे बाबा कुर्ल्याहून चालत, छातीभर पाण्यातून, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. तोपर्यंत मला मिठी ही नदी आहे हे माहीतच नव्हतं, आम्ही तिला नालाच म्हणायचो.

तिवरांबद्दल जरा सांगते, कारण शाळेत आपल्याला खारफुटी हा शब्द शिकवतात आणि पुढे काही नाही. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, श्वास घ्यायला. भरतीचं पाणी त्या मुळांच्या जंगलात शिरतं तेव्हा त्याचा जोर मरतो, गाळ खाली बसतो. कोळंबीची अंडी बाहेर समुद्रात, पण पिल्लं वाढायला खाडीत येतात, या मुळांमध्ये, कारण इथे खायला मिळतं आणि मोठा मासा आत घुसू शकत नाही. म्हणजे तिवर तोडलं की तीन माणसांचं नुकसान एकदम होतं, खाडीकाठच्या झोपडीत पाणी शिरतं त्याचं, कोळ्याचं, आणि बाजारात कोळंबीचा भाव ऐकून मागे फिरणाऱ्या गिऱ्हाईकाचं. हायकोर्टाने २००५ साली तिवरं तोडायला बंदी घातली, २०१८ च्या निकालात तर तिवरं नष्ट करणं म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे असं म्हटलं. ठाण्याच्या खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळतो तो आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हे सगळं चांगलंच झालं, नसतं झालं तर आज काही उरलं नसतं. पण प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या वेळी परवानगी मिळतेच, आणि भरपाई म्हणून झाडं कुठे तरी भलत्याच ठिकाणी लावतात. तिकडच्या झाडाने इकडची कोळंबी परत येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

या माणसांना आधी विचारलं नाही तर काय होतं याचं एक उदाहरण आपल्या समोर आहे. कोस्टल रोडच्या वेळी वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांचं म्हणणं होतं की पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलंत तर आमच्या होड्या लाटेत खांबावर आपटतील. पालिकेवाले आधी म्हणाले ६० पुरेसं आहे, कागदावर सगळं बसतंय. मच्छीमारांनी काम अडवलं, समुद्रात होड्या उभ्या केल्या, बरीच रस्सीखेच झाली आणि शेवटी २०२२ च्या अखेरीला १२० मीटर मान्य झालं. दुप्पट. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या शक्य होतं. हेच आधी त्यांच्यासोबत बसून ठरवलं असतं तर वेळ वाचला असता, पैसा वाचला असता आणि त्या माणसांना आपल्याच दर्यात आंदोलन करायची वेळ आली नसती.

काही जणांना वाटेल हे सगळं भावनिक आहे, निसर्ग वगैरे, शहर चालवायला व्यवहार लागतो. व्यवहाराचंच सांगते. मलबार हिलवर डुंगरवाडी आहे, पारशी समाजाची, तिथे पिढ्यानपिढ्या गिधाडं अंत्यसंस्काराचं काम करत होती. १९९० च्या दशकात गिधाडं देशभर मरायला लागली आणि कोणाला कारण कळेना. २००४ च्या सुमारास कळलं की गुरांना वेदना कमी व्हावी म्हणून देतात त्या डायक्लोफिनॅक औषधाने, मेलेलं जनावर गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या जातात. २००६ ला ते गुरांसाठी बंद केलं पण तोवर बहुतेक गिधाडं संपली होती. डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे आरसे लावायला लागले. आणि गावोगावी मेलेली गुरं कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासलं. दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला, २०२४ ला तो प्रसिद्ध झाला, त्यांचा अंदाज असा की २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे देशात पाच लाखांच्या आसपास जास्तीची माणसं गेली. शेतकऱ्याने गाईचे सांधे दुखतात म्हणून दिलेलं इंजेक्शन. त्याचा काय दोष. पण गिधाड फुकट काम करत होतं म्हणून त्याचा हिशोब कुठल्याही वहीत नव्हता, आणि वहीत नसलेली गोष्ट संपेपर्यंत कळत नाही. तानशाचं जंगल आणि माहीमची खाडी पण आपल्यासाठी असंच फुकट काम करतायत, एक पाणी धरतंय, दुसरी आपली घाण पोटात घेतेय.

म्हणून वहीत घ्या म्हणते मी. आज सोसायटीत राहणाऱ्याला हजार लिटर पाणी सहा रुपयांच्या आसपास पडतं. दुकानात एक लिटरची बाटली वीस रुपयांच्या आसपास. हजार लिटरमागे फक्त एक रुपया उगम आणि खाडीसाठी म्हणून वेगळा घेतला तर चौघांच्या घराला, माणशी रोजचं १३५ लिटर धरून, महिन्याला सोळा-सतरा रुपये. एक वडापाव. पण सगळ्या शहराचं मिळून, गळती-चोरीचं पाणी सोडलं तरी, वर्षाला शंभर कोटींच्या घरात जातात. यातून काय होईल? फुगवट्याच्या काठच्या प्रत्येक पाड्यावर आधी नळ, हे पहिलं, याच्यात चर्चाच नको. मग ओढ्यांवर बंधारे, जंगल राखायचे रोजचे पैसे म्हणजे वीटभट्टीला जायची वेळ येणार नाही, खाली कोळीवाड्यांना खाडी साफ करायचे आणि तिवरं राखायचे पैसे.

हे काही मी स्वप्नातलं बोलत नाहीये. न्यूयॉर्क शहराचं पाणी पण लांब डोंगरातून येतं, कॅट्सकिल म्हणून भाग आहे तिथून. पाणी फिल्टर करा नाहीतर उगमाशीच चांगलं राखून दाखवा, असा तिथल्या केंद्र सरकारचा नियम आला तेव्हा शहरासमोर प्रश्न होता की अब्जावधी डॉलरचा फिल्टर प्लांट बांधायचा की काय करायचं. १९९७ साली त्यांनी वरच्या गावांशी करार केला, शेतकऱ्यांचे गोठे, शेणाची व्यवस्था, घरांच्या सांडपाण्याच्या टाक्या यासाठी शहराने पैसे द्यायचे आणि गावांनी डोंगर चांगला ठेवायचा. गावं आधी खूप चिडलेली होती, शहर आमच्या जमिनी घशात घालणार म्हणून, करार झाला तो समोरासमोर बसल्यावरच. आजही त्या शहराचं बहुतेक पाणी फिल्टर न करता जातं. तिथली परिस्थिती वेगळी, माणसं वेगळी, सगळं कबूल. पण शहराने उगमाला पैसे देणं हा हिशोब जमतो, एवढं तर त्यातून दिसतं.

आता विरोध. आमच्या ग्रुपवर पण झाला, तो खोटा नव्हता.

एक, पाणी राज्याचं आहे, शहापूरचं नाही. बरोबर. पण मग आपल्याच राज्यात जायकवाडीचं काय झालं ते आठवा. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी खाली मराठवाड्याला पाणी सोडलं पाहिजे, समन्यायी वाटप झालं पाहिजे, हे २००५ च्या कायद्याने मानलं, राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने तसे आदेश काढले, कोर्टातही ते टिकलं. म्हणजे धरण माझ्या तालुक्यात आहे म्हणून पाणी फक्त माझं असं म्हणता येत नाही. मग धरण दुसऱ्याच्या तालुक्यात आहे पण शहर माझं म्हणून सगळं पाणी माझं, हे तरी कसं म्हणता येईल?

दुसरा, मुंबईत पण गरीब आहेत, त्यांच्यावर बोजा कशाला. नाहीच टाकायचा. वस्त्यांना हा रुपया लावूच नका. खरं तर मुंबईतही पाण्याचं तिसरं टोक आहे, ज्या वस्त्यांना कागद नाहीत म्हणून नळ नाही, त्या ड्रम विकत घेतात आणि आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त पैसे मोजतात. २०१४ साली हायकोर्टाने सांगितलं की झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही. आत्याच्या पाड्यावरची बाई आणि मानखुर्दची ड्रम भरणारी बाई, या दोघींचं भांडण लावून देऊ नका, दोघींच्या रांगा सारख्याच आहेत.

तिसरा सगळ्यात जोरात येतो, पैसे खाल्ले जातील. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, कोणाकडेच नसतं. पण एक रस्ता तयार आहे. यातला बराचसा भाग अनुसूचित क्षेत्र आहे, आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून लागू आहे, त्यात आदिवासी योजनेच्या निधीतला पाच टक्के अबंध निधी, म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचे पैसे, थेट गावपातळीवर देण्याची पद्धत महाराष्ट्रात चालू आहे. वनहक्क कायदा २००६ चा, ज्याच्या आधारावर गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावाने आपलं जंगल स्वतः सांभाळून दाखवलं. तर पैसे ग्रामसभेच्या खात्यात जाऊ देत, हिशोब ग्रामसभेत वाचू देत, चुका होतील त्या तिथल्या तिथे पकडल्या जातील. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ च्या पश्चिम घाटाच्या अहवालात हेच सांगितलं होतं, की वरून ठरवून खाली लादू नका, ग्रामसभेला विचारा. त्यावर आरडाओरडा खूप झाला, वाचला किती जणांनी देव जाणे.

आणि शेवटचा, एवढं करण्यापेक्षा अजून एक धरण बांधा. गारगाई धरणाची योजना आहेच, वाडा तालुक्यात, रोजचे ४४ कोटी लिटर मिळणार. त्यासाठी तानसा अभयारण्याचा भाग बुडणार, लाखो झाडं जाणार, काही गावं उठणार. म्हणजे जे जंगल पाणी धरतं तेच बुडवून नवीन पाणी आणायचं. माझं म्हणणं आहे, आधी गळती थांबवा, जुन्या पाईपांमधून आणि चोरीतून जातं ते पाणी गारगाईपेक्षा कमी नाहीये. आधी सांडपाणी शुद्ध करायचे जे सात नवीन प्रकल्प बांधले जातायत, वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, मालाड, वर्सोवा, मिळून रोज २४६ कोटी लिटर शुद्ध करायची क्षमता, ते वेळेत पूर्ण करा आणि ते पाणी बागांना, बांधकामाला, कारखान्यांना सक्तीने वापरायला लावा. हे केल्यावरही कमी पडलं तर जा त्या गावांकडे, पण बोलायला जा, सर्व्हेचे दगड रोवायला नको.

महादेव कोळी डोंगरातले आणि सोनकोळी दर्यातले. सरकारी कागदात ते वेगळे, रीतीभाती वेगळ्या, एकमेकांना कदाचित कधी भेटलेही नसतील. पण नाव एकच आणि पाणी तेच, वरून निघालेलं, आपल्या घरातून गेलेलं आणि खाली पोचलेलं. पालिकेत पाण्याचा निर्णय होतो त्या बैठकीत या दोघांपैकी एकही नसतो, हे मला आता सहन होत नाही.

आमच्या सोसायटीच्या या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी दोन विषय दिले होते. पहिला, टाकीला सेन्सर बसवायचा म्हणजे भरली की पंप आपोआप बंद. दोन मिनिटात मंजूर. दुसरा, हा एक रुपयाचा वाटा आमच्याकडून घ्यायला सुरुवात करा, असं वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचं. त्यावर तासभर चर्चा, आवाज पण चढले, खजिनदार काका म्हणाले आपण अठ्ठावीस घरांनी लिहून काय होणार, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की त्यांचं माहेर मुरबाडचं आहे आणि त्यांनी लहानपणी दोन कोसांवरून पाणी आणलंय, आणि त्या पहिल्यांदा सही करायला उठल्या. शेवटी चौदा सह्या झाल्या. पत्र दिलंय. त्याची एक कॉपी आत्याला पाठवली, ती म्हणाली १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवते, आणि यात आमच्याकडचं काही राहिलं असेल तर लोक सांगतील ते तुला कळवते, मग परत लिहा.